एकान्तात विचारले असता

आमच्या किनाऱ्यावर एके काळी निम्म्या बायकांची नावं कम्फर्ट होती आणि उरलेल्या निम्म्यांची टॅबिथा. हे मी चेष्टेनं म्हणतो, पण तीनशे वर्षांपूर्वीच्या व्हर्जिनियातल्या एखाद्या बाईचं माहेर शोधायला बसलात की चेष्टा बाजूला राहते. बाप मृत्युपत्रात ‘माझी मुलगी कम्फर्ट’ एवढंच लिहितो, नवरा खरेदीखतात ‘माझी बायको कम्फर्ट’ एवढंच, आणि या दोघी एकच की वेगळ्या हे ठरवण्यात माझ्यासारख्याचं आयुष्य जातं. मी सेव्हर्न केलम. जमिनींचे जुने दस्त तपासायचे आणि लोकांना त्यांची घराणी शोधून द्यायची, हा माझा धंदा. शिवाय नोटरीचा शिक्का माझ्याकडे आहे. गावात माझ्या शब्दाला किंमत आहे. होती म्हणायला हवं, पण गावाला अजून काही कळलेलं नाही.

मिस अरिंथिया ट्वायफर्ड यांनी मला गेल्या उन्हाळ्यात बोलावलं. वय नव्वदीच्या घरात, लग्न केलं नव्हतं, खाडीकाठच्या वडिलोपार्जित घरात एकट्या राहायच्या. घर आमच्याकडच्या जुन्या घरांसारखंच लांबलचक: आधी मोठं घर, मग बंदिस्त ओसरी, मग छोटं घर, टोकाला स्वयंपाकघर, सगळं एका ओळीत एकमेकांना चिकटलेलं. छोटं घर म्हणजे एकच खोली, आणि तीच सगळ्यात जुनी. छत बुटकं, विटांच्या भिंती, एक खिडकी आणि अंगणात उघडणारं एक दार. ओहोटी लागली की तिथे दलदलीच्या चिखलाचा वास भरून राहायचा.

त्या खोलीच्या भिंतीवर ट्वायफर्ड घराण्याचा वंशवृक्ष टांगला होता. सगळ्यात वर रॉबर्ट ट्वायफर्ड, आणि त्याच्या शेजारी ‘कम्फर्ट’. आडनावाच्या जागी नुसती रेघ.

“ही रेघ मी मरायच्या आत भरून दे,” मिस अरिंथिया म्हणाल्या. “आमच्या यच्चयावत पुरुषांचे आजे-पणजे पाठ आहेत आम्हाला. आणि ही बाई काय आभाळातून पडली?”

“पडली असेल तर त्याचाही दस्त सापडेल,” मी म्हणालो. त्या हसल्या. मी टेबलावर कागद पसरले, पेन्सिल काढली आणि रॉबर्टच्या मुलांची नावं उतरवून घ्यायला लागलो.

पुढचं मला आठवतं ते असं, की मी अंगणात पाण्याच्या पंपाशी उभा होतो. पेन्सिल हातातच होती. कोट खोलीत खुर्चीवर राहिला होता. मी उठलो कधी, दार उघडलं कधी, काही आठवेना. दार माझ्या मागे बंद होतं.

“काढलं ना बाहेर?” मिस अरिंथिया स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. त्यांच्या हाताला पीठ लागलं होतं. “त्या खोलीत पुरुष टिकत नाही. माझे वडील जन्मभर अंगणात कॉफी प्यायचे. आई म्हणायची, बरंच आहे, केर काढायला बरं पडतं.”

मी उकाड्यावर ढकललं. माणूस विचारात असला की पाय कुठेही नेतात, असं स्वतःला सांगितलं आणि त्यांनी दिलेली रताळ्याची गरम बिस्किटं खाऊन घरी आलो.

पुढच्या खेपेला मात्र मी ठरवून गेलो. मी चिकित्सक माणूस. दस्तात एक अक्षर खोडलेलं असलं तरी मला झोप येत नाही. मिस अरिंथिया स्वयंपाकघरात असताना मी त्या खोलीत एकटा बसलो, डाव्या हातानं टेबलाचा पाय घट्ट धरला आणि समोरचा कागद मोठ्यानं वाचत राहिलो, म्हणजे लक्ष भरकटायला नको. तिसऱ्या-चौथ्या ओळीला वाचता वाचता मला गार वारा लागला. मी अंगणात होतो. वाक्य मी बाहेर येऊनच पुरं केलं. बुटांना चिखल होता आणि डाव्या हाताची बोटं काहीतरी धरल्यासारखी वाकलेली होती.

दार बंद होतं, आणि आत कोणीतरी बोलत होतं.

आधी पुरुषाचा आवाज. खालच्या पट्टीतला, सभ्य. काहीतरी विचारत होता. मग बाईचा आवाज, एकच शब्द, इतका हळू की मला तो कळला नाही. मी वळून पाहिलं. मिस अरिंथिया स्वयंपाकघराच्या खिडकीत मला पाठमोऱ्या उभ्या होत्या.

मी दार उघडलं. खोली रिकामी होती. माझा कागद टेबलावर होता.

यानंतर एखाद्या शहाण्या माणसानं ते काम सोडून दिलं असतं. मी कोर्टाच्या दफ्तरखान्यात जाऊन बसलो. तिथे सगळं माझ्या ओळखीचं होतं: शाईचा वास, चामड्याच्या पुठ्ठ्यांची भुकटी, लांब टेबलं. किनाऱ्यावर त्या पिढीत मेलेल्या ज्या ज्या बापानं मुलगी कम्फर्ट लिहिली होती, त्या सगळ्यांची मृत्युपत्रं मी काढली. कोणाच्या कम्फर्टचं लग्न दुसरीकडे झालेलं, कोणाची बिनलग्नाची मेलेली. उरली एक. जॉर्ज ब्रिकहाउस नावाच्या माणसानं आपली सगळी जमीन कम्फर्ट नावाच्या मुलीला ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं की तिच्या नवऱ्यानं यात हात घालू नये. जमिनीची हद्द होती खूण केलेल्या तांबड्या ओकपासून ओहोळाच्या मुखापर्यंत. रॉबर्ट ट्वायफर्डनं पुढे जी शेतं शेजाऱ्याला विकली, त्यांचीही हद्द तीच, शब्दाला शब्द. त्यातून घर आणि भोवतालची थोडी जागा तेवढी वगळली होती. हात घातलाच होता नवऱ्यानं.

त्या खरेदीखताच्या शेवटी नेहमीचा मजकूर होता. तेव्हा कायदाच होता: जमिनीत बायकोचा हक्क असला की मॅजिस्ट्रेटनं घरी जायचं, नवऱ्याला खोलीबाहेर काढायचं, दार लावायचं आणि तिला विचारायचं की बाई, तू हे राजीखुशीनं करतेस की धाकानं? ‘सदर कम्फर्ट हिला एकान्तात विचारले असता तिने राजीखुशीने मान्य केले.’ असं वाक्य मी हजारदा वाचलेलं आहे. या खेपेला वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो.

मिस अरिंथियांना मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा म्हटलं. “कम्फर्ट ब्रिकहाउस. कम्फर्ट ब्रिकहाउस.” डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “आणि तिला विचारलं होतं का, शेतं विकताना?”

“विचारलं होतं. राजीखुशीनं म्हणाली.”

“म्हणाली, की लिहिलंय?”

“लिहिलंय.”

“कोणी लिहिलंय?”

“मॅजिस्ट्रेटनं.”

“हं,” मिस अरिंथिया म्हणाल्या. “तुम्ही कागदवाले लोक भारी भोळे असता रे, सेव्हर्न.”

नोव्हेंबरात त्या अंगणात घसरून पडल्या. मोडलं काही नाही, पण त्यांचा भाचा लिटल्टन धावत आला. लिट आणि मी एका वर्गातले. वाईट माणूस नाही. कामात बुडालेला, बायकोला घाबरणारा, आत्यावर त्याचा जीवही होता. त्यानं घराला गिऱ्हाईक पाहिलं होतं, शहराजवळच्या वृद्धाश्रमात खोलीही ठरवली होती. मला फोन केला.

“आत्याची सही घ्यायची आहे. तूच ये. तुझं ऐकते ती.”

मी गेलो. म्हाताऱ्या माणसाची सही असली की घरच्यांना बाहेर पाठवून मी एकट्याला विचारतो, मनापासून आहे ना म्हणून. आता कायद्यानं ते लागत नाही. ही माझी स्वतःची पद्धत, आणि तिचा मला अभिमान होता.

कागद छोट्या घरातल्या त्याच टेबलावर होते. मी पोचेपर्यंत सही झालेली होती, थरथरती, वाकडी. लिटचे डोळे लाल होते.

“तो रडला,” मिस अरिंथिया मला म्हणाल्या. “चाळीस वर्षांचा घोडा, लहान मुलासारखा रडला. मग काय करणार?”

“आत्या, तुझ्याच भल्यासाठी आहे ना गं हे! त्या दिवशी पडलीस, उद्या मी इथे नसताना—”

वाक्य अर्धं टाकून लिट उठला. चेहऱ्यावर काही नव्हतं. तो दारातून बाहेर गेला आणि पंपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. दार हळूच लागलं. कोणी लावलं नाही.

मी वाट पाहिली. आता माझीही पाळी येईल, मीही अंगणात सापडेन, असं मला वाटत होतं. खरं सांगतो, मी त्याची आशा करत होतो.

मी खुर्चीवरच होतो.

चिखलाचा वास आला. मिस अरिंथिया ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर जुळवून. त्या तशा कधी बसत नसत.

“तू राहिलास,” त्या म्हणाल्या. “विचार मग.”

मी घसा साफ केला. “हे तुम्ही राजीखुशीनं करता आहात का? कोणाचा धाक, जबरदस्ती नाही ना?”

आवाज खालच्या पट्टीतला होता, सभ्य. मी तो आधी ऐकला होता, अंगणात उभं राहून, बंद दाराआडून. तो माझाच होता.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे धाक नाही?”

“राजीखुशीनं नाही. मला इथेच राहायचंय. इथेच मरायचंय. तू विचारलंस, मी सांगितलं.”

खिडकीबाहेर लिटनं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. रस्त्यावर त्याच्या बायकोची गाडी चालू होती आणि मागे गिऱ्हाइकाची. बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं: लिट, ती नाही म्हणते. चार शब्द. सगळ्यांसमोर म्हणायला मला संकोच वाटला. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. शोधलं, पण नाही.

“मिस अरिंथिया,” मी म्हणालो, “सही तर झालेलीच आहे.”



मी ‘राजीखुशीने’ लिहिलं, खाली सही केली. शिक्का मारला.

दार उघडलं आणि लिट आत आला. वाक्य त्यानं सोडलं होतं तिथूनच धरलं. “—काय झालं म्हणजे?”

दुसऱ्या दिवशी कागदाची नोंद झाली. गिऱ्हाइकानं घर ख्रिसमसच्या आधी पाडलं. मी पाहायला गेलो नाही. लाज माणसाला झोपू देत नाही असं लोक म्हणतात. मला झोप लागायची, पण दफ्तरखान्यात कोणी ‘सेव्हर्नला विचारा, तो खोटं लिहायचा नाही’ म्हटलं की मी संडासात जाऊन उभा राहायचो. शेवटी एका रविवारी ठरवलं. जे घडलं ते शपथेवर लिहून द्यायचं, शिक्का गेला तर जाऊ दे. घर परत येणार नव्हतं, पण जमीन होती, आणि लिटनं ती परत घेतली तर निदान तिथे एखादी खोली बांधता आली असती. त्याआधी मिस अरिंथियांना पुन्हा एकदा नीट विचारायचं आणि या खेपेला त्या म्हणतील तेच लिहायचं.

वृद्धाश्रमात खोली स्वच्छ होती, भिंती पिवळट, आणि मधल्या पडद्यापलीकडे दुसरी एक बाई खोकत होती. लिट शेजारी बसून संत्रं सोलत होता.

“आला बघ,” मिस अरिंथियांनी पडद्यापलीकडच्या बाईला सांगितलं. “हाच तो! आमच्या कम्फर्टचा बाप यानं शोधून दिला. गावात याच्यासारखा खरा माणूस नाही.”

त्या टोमणा मारत नव्हत्या. मनापासून म्हणत होत्या. मला कुठे बघावं कळेना.

“बैस रे,” लिट म्हणाला. “आत्या आज बरी आहे. काल डॉक्टर—”

तो उठला. संत्रं खाटेवर ठेवलं आणि बाहेर गेला. खिडकीतून तो मला दिसला, कोटाशिवाय, गारांच्या पावसात, गाड्यांच्या मधे पाठमोरा उभा. दार हळूच लागलं. समुद्र तिथून कोसांवर होता, पण खोलीत चिखलाचा वास होता.

पडद्यापलीकडची बाई खोकायची थांबली.

मिस अरिंथिया हात मांडीवर जुळवून ताठ बसल्या. माझ्याकडे पाहत होत्या, पण ओळख नव्हती.

“विचारा, साहेब,” त्या म्हणाल्या. त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

“हे तुम्ही राजीखुशीनं केलं का?”

“नाही.”

आवाज दोन होते. एक म्हातारा, एक विशीतल्या बाईचा. तोंड एकच हललं.

“ऐकलं,” मी म्हणालो. “शपथेवर सांगतो, ऐकलं मी. या खेपेला तसंच लिहितो.”

त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. खाली बघत होत्या, माझ्या मांडीकडे. मीही पाहिलं. माझ्या उजव्या हाताचं बोट पँटच्या कापडावर सरकत होतं, सावकाश, वळणदार. ‘राजीखुशीने’ लिहून झालं होतं, आणि बोट खाली सही करायला वळत होतं.