पाठमोरा फोटो

मैथिलीच्या न्हाणीघरात मगर शिरली होती. विश्वामित्री नदीला पूर येऊन गेला की बडोद्यात असे पाहुणे यायचेच. पण या बाईसाहेब थेट बादलीशेजारी ठाण मांडून बसल्या होत्या, आणि तिचे बाबा, मानसिंगराव, अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेलवर अंगणात उभे होते!

मगर पकडायला आला तो स्वयंसेवक कुशल. चिखलाने माखलेला, उंच, शांत डोळ्यांचा...

"शांत राहा, काका. ती तुमच्याहून जास्त घाबरलीय."

"आणि मी?" मैथिलीने विचारले.

"तुम्ही तर हसताय!"

त्याने मगरीच्या डोळ्यांवर ओले पोते टाकले, जबडा बांधला. मैथिलीने मोबाइल उचलला मात्र, त्याने झटकन पाठ फिरवली.

पाणीगेटला त्याचे स्कूटर दुरुस्तीचे दुकान होते. मैथिलीची स्कूटर त्यानंतर फारच वरचेवर बिघडू लागली. दुरुस्तीनंतर सेव-उसळ, सेव-उसळीनंतर लांबचा रस्ता... 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले, कळलेही नाही. पण फोटो काढायला गेले की पुन्हा पाठ!

"लाजतोस की काय रे?"

"तू बघतेस ना... तेवढं पुरे."

ती विरघळायची. वेडीच होती.

मग मगरी वाचवणाऱ्यांचा सत्कार ठरला. पेपरात कुशलचा फोटो येणार होता. आदल्या दुपारी तो दारात आला, खांद्याला बॅग अडकवून.

"मी जातोय, मैथिली. माझं नाव कुशल नाही... धनाजी आहे."

नऊ वर्षांपूर्वी नाशिकला मित्राने एका बाईंच्या गळ्यातली साखळी ओढली होती. गाडी हा चालवत होता. बाई पडल्या, त्यांचा हात मोडला. मित्र पकडला गेला, हा पळाला. तेव्हापासून त्याने तसल्या कशालाच हात लावला नव्हता – पण पोलिसांच्या यादीत तो अजून फरारीच होता.

मैथिलीला रडू आले, आणि त्याहून जास्त राग आला.

"आता कुठे?"

"सुरत... किंवा पुढे कुठेतरी."

"मगरीसमोरून कधी पळाला नाहीस. मग एका बाईंसमोर उभं राहता येत नाही?"

"शिक्षा होईल गं."

"होऊ दे. सुरतला गेलास तर मला विसर. नाशिकला गेलास तर... मी इथेच आहे."

संध्याकाळी त्याने नाशिकची गाडी पकडली.

कोर्टात त्या बाई आल्या होत्या. धनाजीने हात जोडून माफी मागितली. "स्वतःहून आलाय, साहेब," त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "एवढं लक्षात घ्या." एक वर्षाची शिक्षा झाली. मैथिलीने ते वर्ष कसे काढले, तिचे तिलाच ठाऊक. मानसिंगराव तर जावई म्हणून त्याचे नावही ऐकायला तयार नव्हते.

तरी तो सुटून आला त्या दिवशी बडोदे स्टेशनवर ते आलेच. तिच्या मागे, हाताची घडी घालून. धनाजी उतरला तसा वाळलेला, दाढी वाढलेला, अवघडून उभा राहिला.

मानसिंगरावांनी त्याला नखशिखांत न्याहाळले. मग घसा खाकरला.

"या, धनाजीराव. घरी चला. दुपारची जेवणं खोळंबलीत."

मैथिलीने सुटकेचा इतका मोठा निःश्वास टाकला की शेजारचा हमाल वळून बघू लागला. डोळे पुसत तिने मोबाइल काढला.

"काढू...?"

धनाजीने पाठ फिरवली नाही. सरळ समोर बघितले आणि हसला. ऐन वेळी डोळे मिटले गेले खरे. पण तोच फोटो पुढे लग्नाच्या अल्बमात पहिल्या पानावर लागला.