थंडीतला दोष

डिसेंबर लागला की माझ्या दुकानाला बहर येतो. कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर, काय वाटेल ते. पुण्याची थंडी ती केवढी, असं नागपूरकडची माणसं नाक उडवून म्हणतात, पण तेवढ्या थंडीतही घरातली यंत्रं मान टाकतात. कपॅसिटर आळसावतात, सोल्डरचे जुने टाके आकसून तडकतात, बॅटऱ्या रुसतात. गिऱ्हाईक यंत्र घेऊन दुकानात येईपर्यंत उन्हं वर आलेली असतात आणि यंत्र शहाण्या बाळासारखं चालू लागतं. मग गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मीच खोटी.

म्हणून माझी पद्धत ठरलेली. थंडीतला दोष थंडीतच बघायचा, तोही त्याच्या घरी जाऊन. हेअर ड्रायरने एकेक भाग गरम करत जायचं. ज्या भागाला ऊब मिळाल्यावर यंत्र चालू होतं, तो गुन्हेगार. मग खात्री म्हणून त्याच भागावर गार करणारा स्प्रे मारायचा. यंत्र पुन्हा बंद पडलं की दोष पक्का. त्या क्षणी मला जो आनंद होतो, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. नवऱ्याला हे माहीत आहे.

ऋतिका दुकानात आली ती दोन नेब्युलायझर घेऊन. वारज्याला राहते, आयटीत काम करते, डोळ्यांखाली काळं. तिच्या लेकीला, चिऊला दमा. पहाटे छाती भरून येते आणि नेमकं तेव्हाच औषधाची वाफ देणारं हे मशीन बंद पडतं.

"मॅडम, लिटरली रोज," ती म्हणाली. "दुसरं तर नवं कोरं आहे. तेही बंद. शेजारच्या फ्लॅटमध्ये नेलं की दोन्ही चालतात. मी तिला उचलून पळत शेजारी जाते. पण ते लोक आता गावाला चाललेत, फ्लॅटला कुलूप लागणार. मग मी कुठे जाऊ?"

"आणखी काय बंद पडतं?"

"टीव्ही, राउटर, भिंतीवरचं घड्याळ. गीझर मात्र चालतो."

"त्याला इलेक्ट्रॉनिक डोकं नसतं ना, म्हणून," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही.

दोन्ही मशीन मी दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवली, दह्याच्या शेजारी. बाहेर काढली तेव्हा हाताला चटका बसावा इतकी गार होती, आणि सुरळीत चालली. बर्फाच्या कप्प्यात ठेवली. तरी चालली. मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. म्हणजे दोष मशीनमध्ये नव्हताच! इतक्या वर्षांत असं कोडं समोर आलं नव्हतं. कधी एकदा कडाक्याची सकाळ उजाडते आणि मी वारज्याला पोचते, असं मला झालं.

तशी सकाळ लगेच मिळाली. नदीकडून झोंबरा वारा येत होता, आभाळ निरभ्र होतं. ऋतिकाचा नवरा विश्वजीत खाली घ्यायला आला. पूर्वी इथेच त्यांची ज्वारीची शेतं होती, आता त्या जमिनीवर इमारत उभी आहे आणि तिच्यातला एक फ्लॅट त्यांच्या वाट्याला आलाय. दार उघडलं तर चिऊ सोफ्यावर बसलेली, अंगावर जाडजूड गोधडी, आणि तिच्या छातीतली घरघर मला उंबऱ्यापर्यंत ऐकू आली. दुकानातून परत आणलेलं मशीन तिच्या मांडीवर, मुकं. शेजारच्या दाराला कुलूप.

मी चपला काढल्या आणि कामाला लागले. राउटरचा दिवा विझलेला. घड्याळाचा काटा खिळलेला. टीव्ही काळा. प्लगमध्ये वीज व्यवस्थित होती, काट्याचं मीटर लावून बघितलं. ड्रायर लावला, त्यालाही डोकं नसतं, तो सुरू झाला. आधी नेब्युलायझर शेकला. काही नाही. प्लगचा बोर्ड शेकला, राउटर शेकला, भिंत शेकली. काही नाही. चिऊची आई दर मिनिटाला माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

गॅलरीच्या दाराशी विश्वजीतची आई, मैनाबाई, उघड्या फरशीवर बसल्या होत्या. अंगावर नुसतं विरलेलं लुगडं, पाय अनवाणी.

"आजी, जरा सरकता का? तुमच्यामागचा प्लग बघायचाय."

"बघ की बाय," त्या म्हणाल्या आणि पाय आखडून घेतले.

मी वाकले. ड्रायर हातात चालूच होता, त्याची गरम हवा त्यांच्या पायांवर गेली.

मागे नेब्युलायझर घुंई करून सुरू झाला.

मी दचकून वळले, ड्रायर बाजूला झाला. मशीन बंद. पुन्हा पायांवर धरला. मशीन सुरू, राउटरचा दिवा हिरवा, घड्याळ टिकटिकलं. बाजूला घेतला. सगळं गप्प.

खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं. मी ड्रायर त्यांच्या तळव्यांवर फिरवला, हातांवर, पाठीवर. तळव्यांवर धरला की घड्याळ चाले. मानेवर धरला की टीव्हीसुद्धा लागे. समोर एक माणूस बसलंय हे मी विसरूनच गेले होते.

"गोधडी!" मी ओरडले. "ही गोधडी कुणाची?"

"आईचीच," विश्वजीत म्हणाला. "थंडी वाढली की ती चिऊला देते. ऐकत नाही."

चिऊला स्वेटर आणि रजई घालून आम्ही ती गोधडी मैनाबाईंभोवती गुंडाळली, पायात मोजे घातले. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. चिऊने मास्क लावला. हळूहळू तिचे खांदे खाली आले, घरघर बारीक झाली, मग थांबली. ऋतिका तिथेच जमिनीवर बसली आणि ओंजळीत तोंड खुपसून रडली.

"आई, म्हणजे घराचा फ्यूज तूच आहेस की!" विश्वजीत हसत म्हणाला. त्याला हे सगळं नीटसं कळलेलं नव्हतं. मला तरी कुठे कळलं होतं?

मैनाबाई हसल्या नाहीत. त्या नातीकडे बघत होत्या.

इथे मी थांबायला हवं होतं. काम झालं होतं, पोर श्वास घेत होती. पण गरम करून सापडलेला दोष गार करून पक्का केल्याशिवाय मला चैन पडत नाही, जेवण जात नाही. चिऊचं औषध मी पूर्ण संपू दिलं. ऋतिकाने चहा आणून दिला, तो हातात घेतला. दुसऱ्या हाताने पिशवीतून स्प्रे काढला.

"आजी, एकदाच. मोजे जरा काढते. गोधडीही."

"नगं बाय," त्या एकदम म्हणाल्या. "गार नगं करू. तुमी समदी मंग..."

"मॅडम, राहू द्या ना," ऋतिका म्हणाली. "आधी तुमचा चहा..."

कातडीवर मारायचा नसतो एवढं भान मला होतं. मोजे आणि गोधडी काढून मी त्यांच्या पावलांखालच्या फरशीवर स्प्रे मारला.

काहीच झालं नाही.

"...गार होईल," ऋतिका म्हणाली.

मी चांगलीच हिरमुसले. घड्याळ चालत होतं. राउटरचा दिवा हिरवा होता.

मग हातातला कप दिसला. चहा सुकून बुडाशी तपकिरी कडं उरलं होतं.

गॅलरीत मघाशी सावली होती. आता मैनाबाईंच्या पावलांवर ऊन पडलं होतं.

स्प्रे माझ्या हातात नव्हता. तो पिशवीत होता. पिशवीची चेन लावलेली होती.

माझ्या खांद्यावर काहीतरी जड होतं. रजई. ऋतिकाच्या अंगावर शाल आणि वर चादर. विश्वजीतला दोन टॉवेल आणि त्यावर त्याचाच रेनकोट घातलेला. चिऊ तर गोधडीत अशी गुंडाळलेली, की नुसतं नाक बाहेर.

ऋतिकाने स्वतःच्या अंगावरची शाल चाचपली. "ही कधी घेतली मी?" असं काहीतरी पुटपुटली आणि ती घडी करायला आत गेली. विश्वजीत रेनकोटाकडे बघत राहिला.

मैनाबाई विरल्या लुगड्यात, उघड्या फरशीवर. शेजारी ताटलीत अर्धी भाकरी.

मी त्यांच्यापाशी खाली बसले.

"आजी, हे तुम्ही..."

"तुमास्नी थंडी वाजत आसंल म्हनलं."

"पण तुम्ही स्वतः का नाही काही घेतलं पांघरायला? एक गोधडी घेतली असती, तर लगेच..."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी.

"पोरं उघडी आन म्या पांघरू व्हय?"

त्यांनी भाकरीची ताटली माझ्याकडे सरकवली.

"एकटीला जेवान जात न्हाई बघ. दर थंडीत आसंच, म्या लई गार पडले की समदी थिजून जाता. ऊन येस्तवर बसायचं तुमची तोंडं बघत. अवंदा ढगच लई व्हतं, ऊनच येईना."

मी येताना आभाळ निरभ्र होतं.

"ह्यांस्नी सांगू नगं," त्या हळूच म्हणाल्या. मग माझं मनगट धरलं. त्यांची बोटं अजून गारच होती. "पोरी, तू यवडी हुशार. एक सांग मला. म्या कायमची गार पडले, मंग ह्या लेकराचं काय गं?"

मी चिऊकडे बघितलं. ती गोधडीतून डोकं काढून हसत होती, श्वास अगदी मोकळा. तिच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या होत्या, लाल रिबिनी बांधलेल्या. मी आले तेव्हा तिचे केस मोकळे होते.

मी मैनाबाईंना गोधडी पांघरली, मोजे चढवले, आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण कुणीही, कधीही, कुणासाठीही काढायचं नाही, असं ऋतिकाला दहादा बजावलं. का ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "हो मॅडम, थँक यू सो मच." पर्समध्ये माझा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. घरून एकामागून एक फोन येऊन गेले होते, ते सगळे आता एकदम कळत होते.

लिफ्टचं दार मिटलं. आत आरसा होता.

सकाळी मी केस क्लिपात गुंडाळून घराबाहेर पडले होते. आता पाठीवर वेणी होती. पेडानपेड सारखा, घाई नसलेल्या हाताने घातलेली. टोकाला लाल रिबीन.

मी केसांतून बोटं फिरवून बघितली. तेल लावलं होतं, ते पार मुळापर्यंत मुरलं होतं. इतकं मुरायला निदान एक रात्र तरी जाते.