दगडाला कोण नेणार?

दिवा असू दे तसाच, सांगते.

त्या संध्याकाळी शिवणाचं दुकान बंद करून मी आईसाठी दूध घेऊन दवाखान्यात गेले. वॉर्डात फिनेलचा उग्र वास होता. शेजारची खाट सकाळीच रिकामी झाली होती. आई शुद्धीवर दिसली, तेव्हा जन्मभर घशात अडकलेलं विचारून टाकलं.

"आई, माझं नाव धोंडी का ठेवलंस गं? शाळेत पोरी दगड म्हणून चिडवायच्या."

ती छताकडे बघत सांगू लागली.

"तुझ्याआधी एक होती. गोड नाव ठेवलेलं. दिवसभर त्याच नावाचा जप. तिसरं सरलं नाही तोच गेली. सासूबाई म्हणाल्या, गोड नाव मरणाच्या कानावर पडलं की ते माग काढत येतं. हिला धोंडी म्हण. दगडाला कोण नेणार?"

"म्हणून मला कधी जवळ घेतलं नाहीस?"

"मरणाला कळलं असतं ना..."

माझे डोळे भरून आले. म्हणजे तो सगळा कोरडेपणा माझ्यासाठीच होता! मनातली जुनी अढी सुटली. मी तिचा हात धरला.

"आता मार ना एकदा लाडानं हाक. या वयात कोण नेतंय मला!"

आई हसली. तिच्या ओठांतून एक नाव आलं, इतकं मऊ... मी ते अजून तोंडून काढलेलं नाही. ओ द्यायला मी तोंड उघडलं.

ओ आली ती रिकाम्या खाटेवरून. बोबडी.

आईनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि ती भिंतीकडे सरकली. मोकळ्या झालेल्या जागेवरची चादर हळूहळू दबत गेली.

"आई... मी इकडे आहे..."

"तू नव्हे गं, धोंडे," ती कुजबुजली. "तू जा घरी. ती आलीय."

मी धावत जाऊन नर्सला घेऊन आले, तोवर सगळं संपलं होतं. आईचा हात कुणाला तरी कुशीत घेतल्यासारखा वाकला होता. नर्सनं सरळ करून पाहिला, हलेना. ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

आईचं अंग गार पडत होतं. त्या हाताच्या आत मात्र चादर उबदार होती. मी तिथं डोकं टेकायला वाकले, आयुष्यात पहिल्यांदा.

कपाळाला एक इवलासा तळहात लागला. त्यानं मला मागे ढकललं.