उत्तरेची भिंत

चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून पोहे, डाळी भरून प्रतिमामावशीला घेऊन मी घरी निघालो होतो. वाटेत एक काम उरकायचं म्हणून गाडी आडरस्त्याला घातली.

काम होतं एका चर्चचं. मूळचं इंग्लंडमधल्या खेड्यातलं, सात-आठशे वर्षांचं. साथीत गाव ओस पडलं, चर्च तेवढं उरलं. पुढे कुणा हौशी शेठनं एकेक दगड बोटीत घालून आणला आणि इलिनॉयच्या मक्याच्या शेतात ते पुन्हा उभारलं. जाडजूड भिंती, चिंचोळ्या खिडक्या, टोकदार कमानी. आता त्याची उत्तरेची भिंत आत कलली होती. मी स्ट्रक्चरल इंजिनियर. मी 'धोकादायक' लिहिलं की बुलडोझर येणार. किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या एलनबाईंचं लग्न इथेच झालेलं, नवराही इथल्याच अंगणात पुरलेला. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला, त्याचं वजन लोंबलं तिथे फरशीवर खडूची खूण केली. कल फारच होता. मला वाईट वाटलं.

मावशीनं दारातच बूट काढले, डोक्यावर पदर घेतला आणि समोर दोर दिसताच घंटा वाजवून मोकळी झाली.

"मावशी, इथे नाही वाजवत!"

"अरे, आल्याची वर्दी नको द्यायला देवाला?"

नाद विरला... आणि पावलं वाजू लागली. दार तर बंद होतं. ओल्या लोकरीचा, चुलीच्या धुराचा वास आला. त्या भिंतीलगत लांबलचक दगडी बाक होता. पूर्वी चर्चमध्ये सगळे उभेच असत, म्हातारे-आजारी तेवढे त्यावर बसून भिंतीला टेकत. तिथून कुणीतरी खोकलं...

"दे हर्ड द बेल..." एलनबाई पुटपुटल्या.

मावशी शांतपणे बाकावर जाऊन बसली. "सरकून जागा दिली हो मला... भली माणसं."

दगड करकरला. ओळंबा थरथरला आणि खूण सोडून हळूहळू बाकाकडे सरकला. भिंत सावरली होती.

रिपोर्टमध्ये मी 'दुरुस्ती शक्य' लिहिलं. एलनबाई मावशीच्या गळ्यात पडून रडल्या. चर्च आजही उभं आहे.

दरवर्षी मी तपासायला जातो. बर्फ पडत असलं तरी तो बाक उबदार असतो; मावशी वारल्यापासून तिची जागाही. एका माणसापुरती जागा तेवढी गार, मावशी बसली होती तिच्या शेजारची. घंटा वाजवायचं मात्र मी टाळतो.