आठवी चौकट

आमच्या घरात भुताखेतांचं कुणी मानत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून तो विषयच बंद. मीही मानत नाही. म्हणून फक्त काय झालं तेवढंच सांगते.

गेल्या मे महिन्यात कॉलेजच्या स्पर्धेसाठी आम्हाला पाच मिनिटांची फिल्म करायची होती. आम्ही चौघं. मी गटाची प्रमुख, भूमिका मोबाइलवर शूटिंग करणार, रविना त्यात काम करणार आणि चित्रं भगीरथ काढणार. सरांनी बजावलं होतं, कॅमेरा हातात घ्यायच्या आधी सुरुवातीचा प्रत्येक शॉट कागदावर काढा. म्हणून मुरबाडहून चौकटी आखलेल्या कागदाच्या झेरॉक्स घेऊन आम्ही धसईच्या पुढे, डोंगराखालच्या भगीरथच्या पाड्यावर गेलो.

गोष्ट त्याच्याच घरातली होती. नऊ वर्षांपूर्वी त्याची ठमीमावशी भर दुपारी करवंदं तोडायला गेली, ती परत आलीच नाही.

ओसरीत पालथे पडून आम्ही चौकटी भरत होतो. पहिलीत पायवाट, दुसरीत अनवाणी पाय, तिसरीत करवंदांची पाटी. भगीरथची पेन्सिल भराभर चालत होती. सातवीत मावशी झाडाखाली पाठमोरी उभी राहिली. आठवीत तिनं वळून बघायचं होतं. तिथं तो थांबला.

"तोंड नाय येत मला," तो म्हणाला. "दहा वर्सांचा होतो. घरात फोटो पण नाय."

"मग रविनाचं काढ," भूमिका म्हणाली.

"मावशीला रविनाचं तोंड कसं लावू गो?"

मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण सुरुवात जमत आली होती आणि मला तो चेहरा हवाच होता. "जागेवर जाऊन बघू," मी म्हटलं. "रविना वळली की सुचेल तुला."

बारा वाजून गेले होते. रविनानं भगीरथच्या आजीचं लाल लुगडं नेसलं, डोक्यावर पाटी घेतली. डोंगराच्या वाटेवर मी एकेक चौकट समोर धरायची आणि भूमिका तसा फोटो घ्यायची. ऊन असं, की दगडांना भाजल्याचा वास येत होता. सातव्या चौकटीसाठी रविनानं खालून, आमच्या मागून येऊन पुढे वळणावरच्या हिरड्याखाली थांबायचं होतं. तिला खाली पाठवून मी कागदात डोकं घातलं. वर पाहिलं, तर ती हिरड्याखाली पाठमोरी उभी होती. अगदी चित्रासारखी.

रानातली किड्यांची किरकिर थांबली होती. पिकल्या करवंदांचा गोड, आंबूस वास आला. तिथल्या जाळ्यांवरची करवंदं तर कधीच तोडून झाली होती.

"रविना, वळ आता."

ती हलली नाही.

"रविना... वळ गो. रविना!"

"आले, आले!" आवाज मागून आला. खाली दगडावर बसून रविना पायातला काटा काढत होती.

भूमिकानं माझं मनगट घट्ट धरलं. भगीरथ मात्र पुढे निघाला होता. "मावशे..." तो म्हणाला. त्याला अडवायला हवं होतं, मी अडवलं नाही. हिरड्यापासून चार पावलांवर तो थांबला. त्याच्या पाठीआड मला काही दिसत नव्हतं. मग तो बाजूला झाला, तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं.

तो हसत होता आणि रडतही होता. "वळली गो," म्हणाला. तिथंच मांडी घालून त्यानं आठवी चौकट भरली. रुंद कपाळ, मिटलेले ओठ. एकदाही खोडलं नाही.

घरी त्याची आई, भिमीकाकी, तांदूळ निवडत बसली होती. त्यानं कागद तिच्यासमोर धरला. "आये, बघ. ठमीमावशी."

काकीनं चेहरा बघितला. मग तिनं कागद पालथा घातला आणि त्यावर सूप ठेवलं.

"ही ठमी नाय."

"मग कोन?"

"ठमी गेली त्याच्या आदल्या दिशी दारात आल्ती ही. पानी मागितलं. जाताना इचारलं, घरात कोन कोन हाय, नावं काय... मी सांगितली." तिनं आम्हा मुलींकडे पाहिलं. "तुमी कोनी बोल्लात हिच्याशी? नाव घेतलं कोनाचं?"

मी नाही म्हणून मान हलवली. भूमिकानं माझ्याकडे पाहिलं.

फिल्म झाली नाही. भगीरथनं चौकटी चुलीत घातल्या. नऊ वर्षांनी त्याला मावशी भेटली होती, ती एका दुपारपुरतीही त्याच्याकडे राहिली नाही. त्या चेहऱ्यासाठी हट्ट मी केला होता, हे मी स्वतःशी बऱ्याचदा म्हणते. त्याला अजून म्हटलेलं नाही.

रविना आता वाशिंदला कामाला जाते. ठणठणीत आहे. अधूनमधून तिचा फोन येतो, नेहमी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

"तू इकडं आलीस का गो?"

"नाही. का?"

"काय नाय... मागून कोनीतरी हाक मारतं. तुझाच आवाज वाटतो."

परवा पुन्हा फोन आला. मी विचारायच्या आधीच ती हसून म्हणाली,

"आज मी ओ दिली."