गुंडप्पाचं पथ्य

लोक कुत्रं पाळायला आणतात की मारायला, असा प्रश्न मला त्या दुपारी पडला. ऊन रणरणत होतं. जेवायला जायचं म्हणून मी दवाखान्याचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात एक उंच तरुण वाकून आत शिरला. हातात भाकऱ्या ठेवायची बुट्टी, आणि बुट्टीत दोन महिन्यांचं तपकिरी पिल्लू मान टाकून पडलेलं.

"डॉक्टर कुटं हायत?"

"मीच डॉक्टर शुभदा. टेबलावर ठेवा त्याला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी तिथूनच चिडायला सुरुवात केली.

"नाव?"

"प्रभुलिंग. कुंभारीत आमचा कडक भाकरीचा धंदा हाय. आई आन् मी."

"पिल्लाचं नाव विचारतेय!"

"गुंडप्पा..."

गुंडप्पाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "खायला काय देता?"

"कडक भाकरी, शेंगाचटणीत चुरून," तो अभिमानानं म्हणाला. "दोन्ही टायमाला. पंधरा दिवस झाले."

"लसूण घातलेली चटणी?"

"बिगर लसणाची चटणी असती व्हय, मॅडम?"

मी भडकलेच! लसूण काय, कांदा काय, कुत्र्याच्या रक्ताची वाट लागते त्यानं. वर लस नाही, जंताचं औषध नाही, प्यायचं पाणी उन्हात तापलेलं. "तुमच्यासारख्यांनी कुत्रं पाळूच नये!" मी म्हणाले. सलाइन लावताना हात स्थिर होता, तोंड मात्र चालूच होतं.

तो खाली मान घालून उभा होता. मग हळूच म्हणाला, "आमच्यात घरी आलेल्याला येगळं वाढत न्हाईत, मॅडम. आई म्हणली, आपण खातो तेच त्याला. येगळं केलं की परकं केल्यासारखं हुतंय..."

आता यावर माणसानं रागवायचं तरी कसं? तरी मी राग सोडला नाही. सोडला असता, तर त्याच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे बघावं लागलं असतं.

मग तो रोज दुपारी यायला लागला. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. मी पथ्य सांगितलं – बिनमिठाचा भात, दही, उकडलेलं अंडं.

"अंडं?" तो दचकला. "आमच्या घरात अंडं न्हाय चालत. आई चुलीजवळ बी आणू देणार न्हाय."

"मग गुंडप्पाच्या अंगात रक्त काय हवेतून येणार?"

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दोन अंडी ओंजळीत घेऊन आला. जन्मात पहिल्यांदा अंड्याला हात लावला होता त्यानं... चेहरा असा, की बॉम्बच धरलाय! ती अंडी मी दवाखान्याच्या शेगडीवर उकडली, आणि मग रोजच उकडत राहिले. सोलताना आमची बोटं एकमेकांना लागायची. "नीट सोला, टरफल राहतं!" असं मी ओरडायचे. टरफल राहिलेलं नसायचंच.

तीन आठवड्यांनी गुंडप्पाच्या हिरड्या गुलाबी झाल्या. पहिली लस टोचली, तर पठ्ठ्यानं माझी ओढणीच ओढली. मी हसले, आणि प्रभुलिंग मात्र गंभीर.

"उद्या त्याला मंगळवेढ्याला सोडून येतो, मामाकडं. त्यांना कुत्र्यांची सवय हाय."

ओढणी सोडवता सोडवता मी थांबले. "का?"

"तुमीच म्हणला न्हवता, माझ्यासारख्यानं पाळू ने म्हणून? बरोबर हाय ते. मी त्याला मारलाच असता की."

"रागात बोललेलं खरं धरता?" माझा आवाज चढला. "आणि वीस दिवस पिल्लू उराशी धरून कुंभारीहून उन्हात आलात, ते काय मग? अंडी सोललीत, ते काय? ते नाही दिसत तुम्हाला?"

"मग खरं काय धरू, मॅडम?"

"मी जेवण सोडून रोज दुपारी तुमची वाट बघते, हे धरा! दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांसाठी अंडी उकडते का मी?"

बोलून गेले... आणि कान तापले.

मग त्यानं गुंडप्पाला उचलून माझ्या हातात दिलं – आणि हात काढून घेतला नाही. "तुमी रोज रागावणार असाल, तर मी जन्मभर यायला तयार हाय."

"जन्मभराचं असं परस्पर ठरवतात का? आधी विचारायचं असतं माणसाला!" मी ओरडले.

त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले. तेसुद्धा ओरडूनच.