लसणाचा आवाज

तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. धाकटी सासरी गेली आणि घरातली चूलच तिच्यामागे निघून गेल्यासारखं झालं. स्वयंपाक धाकटीचा, कमाई थोरलीची, आणि आई गेल्यापासून गप्प बसणं बाबांचं, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. थोरली चष्म्याची भिंगं घासायची. काचेवर केसाएवढा ओरखडा शोधण्यात दिवस जायचा, आणि संध्याकाळी डोळे चोळत घरी आलं की पाव आणि उकडलेली अंडी. दुसऱ्या दिवशी उकडलेली अंडी आणि पाव. बाबा ताट बाजूला सारायचे. "भूक नाही गं," म्हणायचे. दिवसेंदिवस त्यांचा सदरा त्यांना मोठा होत चालला होता.

अशाच एका संध्याकाळी घरी येताना इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. तिनं दार बडवलं. थोड्या वेळानं वरून कुणीतरी विचारलं, "आत कोण आहे?"

"मी!"

"मी म्हणजे कितीजण?"

"एकटीच… आणि टोमॅटो."

"टोमॅटो घाबरलेत का?"

"मी नाही घाबरले, ते कशाला घाबरतील?" ती म्हणाली खरी, पण पिशवी छातीशी घट्ट धरून.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्यानं वरच्या यंत्राचं चाक हातानं फिरवलं आणि लिफ्ट हळूहळू मजल्याशी आणली. दार उघडलं तेव्हा तो डावा कान चौकटीला टेकवून उभा होता, एखादा डॉक्टर छातीला कान लावतो तसा. ती घाईनं बाहेर आली आणि पिशवीचा बंद तुटला. टोमॅटो जिन्यापर्यंत घरंगळले. काही फुटले.

तो उकिडवा बसून गोळा करू लागला. "हे आता चिरून खाण्यासारखे राहिले नाहीत. पास्त्याचा सॉस करा. पास्ता शिजेपर्यंत होतो."

"मला फक्त अंडी उकडता येतात."

"म्हणजे पाणी उकळता येतं. अर्धं काम झालं की!"

तिला हसू आलं. मग त्यानं तिथंच, हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत, सांगितलं. तेल तापवायचं, लसूण ठेचून टाकायचा. टोमॅटो हातानं कुस्करून घालायचे. मीठ, चिमूटभर साखर, मिरपूड. पास्त्याचं पाणी ओतून द्यायचं नाही, त्यातलं डावभर सॉसमध्ये घालायचं. शेवटी लोण्याचा तुकडा. "आणि लसणाचा रंग बघत बसू नका, आवाज ऐका. आधी तो कुजबुजतो. मग आवाज बारीक, कोरडा होतो. तेव्हा लगेच टोमॅटो घालायचे. रंग येईपर्यंत थांबलात तर कडू."

"माझा धंदा डोळ्यांचा आहे. मी बघूनच करणार."

"करा," तो म्हणाला. "मग सांगा."

तिनं सॉस बघूनच केला. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "कडू आहे." कित्येक दिवसांत बाबांनी जेवणाला पहिल्यांदा नावं ठेवली होती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पुढच्या आठवड्यात तो लिफ्ट तपासायला आला, तेव्हा ती जिन्यातच उभी होती. "कडू झाला."

"बघत बसलात ना?"

"हो. आता या, करून दाखवा. बाबा घरी आहेत."

तिच्या अरुंद स्वयंपाकघरात दोघं ओट्याशी उभे राहिले. त्यानं लसूण तेलात टाकला. "डोळे मिटा."

तिनं मिटले. काचेशिवाय, प्रकाशाशिवाय काहीतरी नीट समजून घेण्याची तिला सवयच नव्हती. तेल कुजबुजत होतं. शेजारी त्याचा श्वास होता…

"आता?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

"आता?"

"अं हं."

मग तिला ऐकू आलं. तीच म्हणाली, "आता!" डोळे उघडले तर तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. कढईकडे नाही.

बाबांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बोटं चाटत म्हणाले, "मिस्त्री, परत कधी बिघडणार आमची लिफ्ट?"

लिफ्ट बिघडली नाही, पण मिस्त्री येत राहिला. दिवसभर राबून आलेली दोन माणसं, पातेल्यात उकळणारं पाणी, कुस्करलेले टोमॅटो. त्यातच 'अहो'चं 'अरे' झालं. ती बोलायला लागली की तो हातातलं काम थांबवून तिच्या ओठांकडे एकटक बघायचा. कामावर भिंग घासता घासता तिला ते आठवायचं आणि कान गरम व्हायचे.

मग एक संध्याकाळ आली. तो ओट्याशी पाठमोरा उभा होता, ती मेजावर ताटं मांडत होती. लसूण कुजबुजला. बारीक झाला. तडतडला. तो मान तिरकी करून ऐकत होता. जळका वास सुटला तरी तो तसाच उभा.

"मिस्त्री, करपलं!" बाबा ओरडले.

तो वळला नाही.

तिनं जाऊन गॅस बंद केला. त्यानं काळा पडलेला लसूण पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं एकदम कळलं. चौकटीला टेकलेला तो एकच कान. ते ओठांकडे बघणं.

"उजवा कधीचाच गेलाय," तो हळू म्हणाला. "डावा आता चाललाय. कामावर कुणाला माहीत नाही."

जेवणाला न थांबता तो गेला. नंतर आलाच नाही.

ती वाट बघून थकली. पोरगी हसायची बंद झाली हे बाबांनी ओळखलं. "अगं, तो येत नाही तर तू जा. पाय आहेत ना?"

तो तिला दुसऱ्या एका इमारतीच्या तळघरात सापडला, लिफ्टच्या यंत्राशी बसलेला. तो बघेपर्यंत ती समोर उभी राहिली, आणि दिव्याच्या उजेडात तोंड धरून बोलली.

"का येत नाहीस?"

"काय म्हणून येऊ? कळलं तर उद्या घरी बसवतील मला. आणि बरोबरच आहे ते. माझ्या कानांच्या भरवशावर लोक वर-खाली करतात."

"मग तूच जाऊन सांग. कुणाचा जीव जायच्या आधी."

"सांगीन. आणि मग? बिनकामाचा, बहिरा माणूस… तू आधीच बाबांचं बघतेस."

तिला दुसरंच विचारायचं होतं, आणि त्यासाठीच ती एवढी चालत आली होती. "माझ्या ओठांकडे बघायचास… ते नुसतं ऐकण्यासाठी?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"आधी ऐकण्यासाठी," तो म्हणाला. "नंतर… ऐकू येत होतं तेव्हाही."

तिनं त्याचा ग्रीसनं माखलेला हात धरला. "मग मला पुरे. बाबांनाही पुरेल."

"त्यांना विचारलंस?"

"त्यांनीच हाकललंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. लिफ्टचं काम सुटलं. काही महिने फार वाईट गेले. त्याला दुसरं काम मिळेना. मग तिनं त्याला आपल्या कारखान्यात नेलं, काच हातात दिली. भिंगाच्या कडा घासताना बोटाला खरखर कळते, तिथं कान लागत नाही. तो शिकला. दोघांनी लग्न केलं, साधंच. संध्याकाळी स्वयंपाकाला तोच उभा राहायचा. लसूण तयार झाला की ती त्याच्या मनगटावर बोट टेकवायची आणि तो टोमॅटो घालायचा. बाबा ताटाशी बसून म्हणायचे, "आज कडू नाही हं." मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या घरी गेली.

बाबा मात्र त्याच्या कितीतरी आधी, धाकट्या बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वर्षी, उन्हाळ्यात वारले. तो गेल्या वर्षी हिवाळ्यात, रविवारी सकाळी, झोपेतच गेला.